पहिला पॉइंट कुठं टाकायचा?

"दादा, तीन पॉइंट आलेत. कुठं टाकू?"

जेऊर स्टेशनजवळच्या माझ्या दुकानात झेरॉक्स, रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म आणि कॉम्प्युटर दुरुस्ती चालते. संध्याकाळी कॉलेजची पोरं येतात ती मात्र बऱ्याचदा हा प्रश्न घेऊन. नागराज मंजुळे यांचं गाव म्हणून करमाळा तालुक्यातलं आमचं जेऊर बाहेरच्यांना माहीत आहे. इथं भारी कॉम्प्युटर असलेली घरं थोडी. कुणाकडे मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप, कुणी पुण्याहून सेकंडहँड पीसी गाडीत घालून आणलेला, आणि मोबाइल सगळ्यांकडेच. अशा यंत्रावर एखादा मोठा रोल-प्लेइंग गेम कसाबसा चालू होतो आणि पोरगं त्यात शिरतं. एक पात्र घ्यायचं, लढाया आणि कामगिऱ्या करत त्याला मोठं करायचं, प्रत्येक लेव्हलला पॉइंट मिळवायचा आणि त्या पॉइंटातून नवी कला उघडायची, असा हा खेळ. समोर पन्नास कला आणि हातात पॉइंट एक.

हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. असे गेम पन्नास-शंभर तास चालतात. पहिल्या दहा तासांत पॉइंट भलतीकडे गेले की पात्र लंगडं होतं, पोरगं एका जागी अडकतं आणि गेम काढून टाकतं. पुढची सगळी सुंदर गोष्ट न बघताच. म्हणून इतकी वर्षं खेळून आणि दुसऱ्यांना खेळताना बघून जे कळलं, ते इथं लिहितो आहे.

१. पॉइंट परत मिळतो का, ते आधी बघा

कुठली कला चांगली, हा नंतरचा प्रश्न. चुकलं तर निस्तरता येतं का, हे आधी कळायला हवं.

'डायब्लो २' हा गेम २००० साली आला. आज ज्याला आपण स्किल ट्री म्हणतो, ते घराघरांत पोचवलं त्यानं. प्रत्येक पात्राला कलांची तीन झाडं, आणि कला उघडायच्या लेव्हल ठरलेल्या: १, ६, १२, १८, २४ आणि ३०. टाकलेला पॉइंट कायमचा गेला. त्यामुळे कित्येक खेळाडू पॉइंट खर्चच करत नसत. तिसाव्या लेव्हलच्या मोठ्या कलेसाठी साठवत, आणि तोवर अशक्त पात्र घेऊन कसेबसे पुढे सरकत. २००३ च्या सुधारणेत खालच्या कलांमधले पॉइंट वरच्या कलांना बळ देऊ लागले, तेव्हा ही कोंडी थोडी सैल झाली. पॉइंट काढून पुन्हा लावायची सोय यायला मात्र २०१० उजाडलं.

आताचे गेम उदार आहेत. 'बाल्डर्स गेट ३' मध्ये तळावरच्या विदर्सला सोन्याची १०० नाणी दिली की पात्र मुळापासून नव्यानं बांधता येतं. 'विचर ३' मध्ये सगळे पॉइंट मोकळे करणारं औषध विकत मिळतं. 'एल्डन रिंग' मध्ये रेनाला नावाच्या शत्रूला हरवल्यानंतर हीच सोय होते, पण दर खेपेला लार्व्हल टिअर नावाची वस्तू लागते आणि त्या वस्तू गेममध्ये मोजक्याच आहेत. नियम गेमागणिक असा बदलतो. सोय स्वस्त असेल तर बिनधास्त प्रयोग करा. नसेल तर हात आखडता घ्या.

आणखी एक. ज्या गेममध्ये स्वतः सेव्ह करता येतं, तिथं पॉइंट टाकायच्या आधी वेगळा सेव्ह ठेवा. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे ही सवय दोन्हीकडून कामी येते.

२. पहिले पॉइंट जिवंत राहण्यासाठी

पोरांना आधी तलवार हवी असते. मोठा आकडा, मोठा घाव. मी सांगतो, आधी जीव वाढव.

'एल्डन रिंग' सुरू केला की उघड्या माळावर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसतो, ट्री सेंटिनल. नवखा खेळाडू त्याच्या एक-दोन फटक्यांतच आडवा होतो. सगळे पॉइंट ताकदीत घालून पुन्हा गेला तरी आडवाच होतो, कारण घोडेस्वार हात कसा उचलतो, कुठून वळतो आणि कधी थांबतो, हे बघण्याइतका वेळच त्याला मिळालेला नसतो. तेच पॉइंट 'विगर'मध्ये, म्हणजे जीवशक्तीत टाकले की दोनाच्या जागी तीन-चार फटके सोसतात. तेवढ्या अवधीत डोळा शिकतो. जगलेला प्रत्येक सेकंद शिकवणीचा असतो, म्हणून सुरुवातीला जीव वाढवणं हाच शिकण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आहे. विगर ४० झाल्यावर पुढच्या पॉइंटांचा लाभ कमी होत जातो आणि ६० नंतर तर फारच कमी. तिथवर पोचेपर्यंत तलवारीकडे वळायची वेळ आपोआप आलेली असते.

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी ज्यांनी केळी केली, त्यांनी आधी पाइपलाइन ओढली आणि मग रोपं आणली. तोच क्रम इथं धरावा.

३. टक्के बघू नका, वार मोजा

ही गोष्ट मी कागदावर मांडून दाखवतो, कारण तोंडी सांगून पटत नाही. समजा, तुमचा एक वार २० चा आहे आणि शत्रूचा जीव १००. पाच वारांत तो मरतो. आता एक कला उघडली, तिच्यावर लिहिलंय 'घाव १० टक्क्यांनी जास्त'. वार झाला २२ चा. चार वारांचे ८८ होतात, म्हणजे शत्रू अजून उभाच. पाचवा वार लागतोच. पॉइंट गेला आणि लढाईत काहीच बदललं नाही. याउलट कुठं सरळ ५ ची भर मिळाली, तर वार २५ चा होतो आणि चारांत काम होतं.

आता उलट बाजू. तुमचा जीव १०० आणि शत्रूचा फटका ५०. दोन फटक्यांत तुम्ही संपता. जीव नुसता १० नं वाढवला, तर तिसरा फटका लागेपर्यंत तुम्ही उभे राहता. दहाची भर, पण सोसायची ताकद दोनावरून तीनावर गेली.

टक्क्यांच्या कला वाईट नाहीत. मूळ आकडा मोठा झाल्यावर त्या खऱ्या फळतात: वार २०० चा असेल तेव्हा १० टक्के म्हणजे २०. म्हणून आधी मूळ आकडा वाढवणाऱ्या कला आणि टक्क्यांच्या मागून, असा माझा क्रम असतो. मनात शंका आली की मी दोनच आकडे काढतो: शत्रू किती वारांत मरतो आणि मी किती फटक्यांत मरतो. यांतला एकही आकडा बदलत नसेल, तर ती कला आज नको.

४. सारखं लागणारं आधी

प्रत्येक गेममध्ये एक डोळे दिपवणारी कला असते. आभाळातून उल्का पडते, पडदा उजळतो, सगळे शत्रू साफ. पण एकदा वापरली की पुन्हा हाताशी यायला तिला वेळ लागतो. त्या मधल्या वेळात तुम्ही साधा वार करत असता, उडी मारून बाजूला होत असता, दम खात असता. लढाईचा मोठा भाग त्यातच जातो.

म्हणून दम लवकर भरून येणं, उडीला कमी दम लागणं, साधा वार थोडा जलद होणं अशा कोरड्या दिसणाऱ्या कला मी आधी घेतो. त्यांचं चित्र साधं असतं आणि यूट्यूबवर त्यांचा कुणी व्हिडिओ करत नाही. पण त्या प्रत्येक मिनिटाला कामी येतात.

५. हाताला जमतं त्यावर पॉइंट नको

'स्कायरिम'मध्ये कुलपं उघडण्याची वेगळी कला आहे आणि तिच्यात पॉइंट टाकून अवघड कुलपं सोपी करता येतात. पण पॉइंट न टाकताही सगळ्यात अवघड कुलूप उघडतं. थोड्या काड्या मोडतात इतकंच. आधी आठवडाभर हातानं करून बघा. जमलं तर पॉइंट वाचला.

६. बोलण्याच्या कलेला कमी लेखू नका

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'विचर ३' २०१५ साली पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडनं काढला. त्यातला गेराल्ट राक्षस मारण्याचा धंदा करतो आणि दोन तलवारी बाळगतो. साहजिकच सगळे पॉइंट तलवारीकडे जातात. पण त्याच्याकडे पाच साध्या जादू आहेत: आर्ड, इग्नी, यर्डेन, क्वेन आणि अॅक्सी. यातली अॅक्सी समोरच्याचं मन वळवते. तिच्या झाडात 'डिल्यूजन' नावाची कला पहिल्याच रांगेत आहे. तिच्यात पॉइंट टाकला की संभाषणात अनेक ठिकाणी नवं उत्तर उघडतं. वाट अडवणारा बाजूला होतो, लपवाछपवी करणारा खरं सांगून टाकतो, मारामारी टळते, आणि वर थोडा अनुभवही पदरात पडतो.

तलवारीतला पॉइंट लढाई थोडी आखूड करतो. डिल्यूजनमधला पॉइंट गोष्टच बदलतो. माणसं तुमच्याशी वेगळं बोलतात आणि रक्त न सांडता सुटलेल्या प्रसंगांची चव वेगळीच लागते. आमच्याकडचा एक पोरगा, मूळचा अबोल, तो या गेममध्ये दर संभाषणात आधी हे उत्तर आहे का बघायचा. त्याला लढाईपेक्षा माणसं समजावण्यात गोडी लागली. मला ते फार आवडलं. कुठली कला आधी उघडायची, याचं उत्तर शेवटी आपल्याला कसं खेळायला आवडतं यात असतं. फक्त तिथं पोचायला आधी जिवंत राहावं लागतं, म्हणून हा मुद्दा सहावा आहे.

याच गेमबद्दल दोन कामाच्या गोष्टी. एक म्हणजे, व्हाइट ऑर्चर्ड या सुरुवातीच्या मुलखात शक्तीची सहा ठिकाणं आहेत. प्रत्येकापाशी पहिल्यांदा हात टेकवला की एक पॉइंट मिळतो. हे सहा पॉइंट घेतल्याशिवाय पुढच्या मुलखात जाऊ नका. दुसरं असं की, नुसती कला उघडून भागत नाही, ती खणात बसवावी लागते. मूळ गेममध्ये असे खण एकूण १२, आणि सुरुवातीला त्यांतले मोजकेच उघडे असतात. म्हणजे दहा कला उघडल्या आणि खण चारच असले, तर सहा नुसत्या पडून. खण कमी असताना थोड्या कला घेऊन त्याच वाढवाव्यात.

७. तुमच्याबरोबर शत्रूही वाढतो

'स्कायरिम' २०११ चा. त्यात १८ कला आहेत आणि जी वापराल ती वाढते. लोहारकाम करत बसलात तर लोहारकाम वाढेल, सौदे करत बसलात तर बोलणं वाढेल, आणि त्या सगळ्यांतून तुमची लेव्हलही वर जाईल. पण तिथले बरेच शत्रू तुमची लेव्हल बघून तगडे होतात. कुलपं, खिसेकापूपणा आणि सौदेबाजी वाढवून लेव्हल चढलेला खेळाडू बाहेर पडतो तेव्हा समोरचा दरोडेखोर त्याच्या तोडीचा झालेला असतो, आणि खेळाडूच्या हातात तलवार अजून पहिल्या दिवसाचीच.

अशा गेममध्ये एक हत्यार आणि एक बचाव यांची वाढ लेव्हलच्या बरोबरीनं ठेवावी. बाकीच्या हौशी त्यानंतर. 'विचर'मध्ये शत्रूंची लेव्हल बहुधा ठरलेली असते, तिथं ही काळजी तेवढी नाही. वाढत्या शत्रूचा पर्याय सेटिंगमधून चालू केला असेल तर मात्र आहे.

८. एका वाटेनं पहिल्या मोठ्या टप्प्यापर्यंत जा

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-फाशांवरचा खेळ काढला. लेव्हल, अनुभवाचे गुण, लढवय्या आणि जादूगार हे सगळं मुख्यतः तिथून आलं. त्या पहिल्या खेळात जादूगाराला पहिल्या लेव्हलला दिवसाला एकच मंत्र होता. एकदा वापरला की तो मोकळा, आणि लढवय्यांच्या मागे लपलेला. वरच्या लेव्हलला मात्र तोच सगळ्यांना भारी पडायचा. कुठलं पात्र कधी फळतं हे ठरलेलं असतं आणि ते माहीत नसलं की धीर सुटतो.

त्याच घराण्यातल्या २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' मध्ये पाचवी लेव्हल हा असा टप्पा आहे. फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर, मंक या वर्गांच्या पात्रांना तिथं एका डावात दोनदा वार करता येतो, म्हणजे ताकद जवळपास दुप्पट. जादूगाराला आगीचा गोळा मिळतो. पोरं काय करतात, दोन लेव्हल फायटर, दोन लेव्हल रोग, एक आणखी कशाची तरी. मिसळ झकास दिसते, पण पाचव्या लेव्हलला यांच्या हाती दुसरा वार नसतो आणि शत्रू तर पाचव्याच्या मापाचे आलेले असतात. आधी एकाच वर्गात पाच लेव्हल पुऱ्या करा. गेम बाराव्या लेव्हलपर्यंत जातो, मिसळायला पुढे सात लेव्हल आहेत.

९. मोबाइलवर हिशोब वेगळा

आमच्याकडे जास्त खेळलं जातं ते मोबाइलवर, म्हणून हे सांगायलाच हवं. 'गेन्शिन इम्पॅक्ट'सारख्या गेममध्ये पॉइंटांपेक्षा सामानाची टंचाई असते. कला वाढवायला पुस्तकं लागतात, आणि २०२० मध्ये गेम आला तेव्हा ठरावीक पुस्तकं ठरावीक वारीच मिळत. संघातल्या चारही पात्रांना सारखं वाटत बसलात तर चारही अर्धवट राहतात. मुख्य मारणारं पात्र एक ठरवा आणि त्यातही ते ज्या कलेनं मारतं तीच वाढवा. ढालीचं पात्र फक्त ढालीपुरतं उभं असेल तर त्याच्या साध्या वारावर पुस्तकं घालू नका.

आणि टंचाई आली म्हणून पैसे भरू नका. वडिलांच्या खात्यातून गेलेले पैसे परत मिळतील का, हे विचारायला पोरं माझ्याकडेच येतात, आणि ते बहुतेक वेळा मिळत नाहीत. थांबलं की सामान आपोआप साठतं.

१०. दुसऱ्याची बिल्ड घ्याल तर पूर्ण घ्या

बिल्ड म्हणजे कला आणि सामानाची ठरवलेली मांडणी. यूट्यूबवर 'बेस्ट बिल्ड' म्हणून जे दाखवतात ते बहुधा शेवटच्या लेव्हलचं असतं. दाखवणाऱ्याकडे त्या कलांना साजेशी तलवार, अंगठी, चिलखत असतं. तुम्ही दहाव्या लेव्हलला तीच कला उघडता, पण तिला फळवणारी वस्तू अजून वीस तास लांब असते. व्हिडिओ बघताना एवढंच शोधा की तो माणूस दहाव्या लेव्हलला काय वापरत होता. तेवढं सांगत नसेल तर तो व्हिडिओ सध्या तुमच्या कामाचा नाही.

११. वर्णन वाचा, चित्रावर जाऊ नका

आमच्या पोरांची खरी अडचण इथं आहे. कलेखाली चार ओळी इंग्रजीत असतात: ही आपोआप चालते की बटण दाबावं लागतं, किती सेकंदांनी पुन्हा वापरता येते, कुठली अट पुरी झाली तरच लागू होते. ती अटच निसटते. 'जीव पूर्ण भरलेला असताना घाव दुप्पट' यातला पहिला भाग सुटला की पोरगं दुप्पट घाव म्हणून पॉइंट टाकतं आणि पहिला फटका बसताच कला बंद पडते. पोरं हुशार आहेत. अडतं ते भाषेपाशी.

म्हणूनच आपल्याकडच्या, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी: अॅन एन्शंट एपिक' काढला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला शोधणारी राजी, तिला शस्त्रं देणारे देव, गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. तो शुद्ध रोल-प्लेइंग नाही, अॅक्शनकडे झुकतो. पण शस्त्रांच्या शक्ती वाढवण्याचं छोटं झाड त्यात आहे, आणि नवख्यानं हा विषय शिकायला ते अगदी पुरेसं आहे. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. पुढे त्याला हिंदी आवाजही मिळाला. मराठी नाही.

म्हणून मी दुकानात एक काम सुरू केलंय. जे गेम पोरं जास्त खेळतात, त्यांच्या सुरुवातीच्या कलांची वर्णनं मराठीत लिहून ए-फोर कागदावर काढून ठेवतो. प्रत्येक कलेपुढे तीनच गोष्टी: काय करते, केव्हा लागू होते, पॉइंट परत मिळतो का. पोरं झेरॉक्स घेऊन जातात, त्याचे पैसे घेत नाही.

ज्यांना इंग्रजी येतं आणि गेमही येतो, त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या आवडीचा एक गेम घ्या आणि त्याच्या पहिल्या दहा लेव्हलींपुरत्या तरी कला मराठीत लिहून काढा. ते कागद तुमच्या गावातल्या एखाद्या खेळणाऱ्या पोराच्या हातात द्या.